राउंडस्टोनला काढलेला फोटो

फोटोग्राफर नोराच्या दुकानात आता आइसक्रीम मिळतं. हिरवं दार होतं ते गुलाबी केलं आहे. खिडकीत पूर्वी आसपासच्या घरांतल्या माणसांचे फोटो मांडलेले असायचे, तिथे आता प्लास्टिकचा एक मोठा कोन उभा आहे. मागच्या मे महिन्यात आम्ही राउंडस्टोनला गेलो तेव्हा गाडी माझी मुलगी ईरा चालवत होती. तिनं बंदराच्या भिंतीला लागून गाडी लावली आणि मी त्या दुकानापाशी जाऊन उभी राहिले. माझा नवरा मंदार मागून आला. "बंद केलं वाटतं तिनं," एवढंच म्हणाला. आतल्या मुलीला मी नोराबद्दल विचारलं, तर तिला हे नावच माहीत नव्हतं. चव बघायला ती छोटा चमचा पुढे करत होती, म्हणून एक कोन घेतला आणि बाहेर येऊन धक्क्याच्या भिंतीवर बसले.

समोर सगळं होतं तसंच होतं. पाण्यापलीकडे डोंगरांची निळसर रांग, तिच्या माथ्यावर ढग, आणि ढगाच्या एका फटीतून एकाच उतारावर पडलेलं ऊन. ओहोटी लागली होती. उघड्या पडलेल्या शेवाळाचा खारट वास, खेकड्यांच्या पिंजऱ्यांचा वास, बोटींच्या डिझेलचा वास आणि ह्या सगळ्यावरून कुठल्यातरी धुराड्यातून येणारा टर्फचा धूर. टर्फ म्हणजे इथल्या दलदलीतली काळी माती. विटांसारखी कापून वाळवतात आणि शेगडीत जाळतात. आईनं हा वास पहिल्यांदा घेतला तो इथेच. गाडीतून उतरली, नाक वर केलं आणि म्हणाली, "कुणीतरी शेणी जाळालंय."

ते दोन हजार अकरा साल होतं. आई आणि अण्णा उन्हाळ्यासाठी आमच्याकडे ॲथलोनला, डब्लिनपासून दीड तासावरच्या गावात, आले होते.

अण्णा गडहिंग्लजच्या हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. त्यांच्याकडे चामड्याच्या पाकिटातला एक जपानी कॅमेरा होता. शाळेचं गॅदरिंग, दहावीचा निरोपसमारंभ, गल्लीतली बारशी, नव्या ट्रॅक्टरची पूजा, सगळ्याला अण्णांना बोलावणं असायचं. रोलमध्ये शेवटचे दोन-तीन फोटो उरले की ते मला गच्चीवर उभं करायचे आणि रोल संपवायचे. मी एकुलती एक, त्यामुळे माझे फोटो पुष्कळ आहेत. रोल धुऊन आला की पिवळं पाकीट घेऊन आम्ही सोप्यात बसायचो. पाकीट उघडताना रसायनाचा एक आंबूस वास यायचा. फोटो एकमेकांना चिकटलेले असायचे आणि सोडवताना बारीक आवाज व्हायचा. त्या आवाजासाठी मी सोडवायचं काम माझ्याकडे घेतलं होतं.

त्या अल्बममध्ये आई नाही.

मी चौथीत असताना तिच्या ओठाखाली एक पांढरा ठिपका आला. मग डोळ्यांच्या कडेला, मग हाताच्या बोटांवर. मी कॉलेजात गेले तोवर तोंडाभोवती आणि डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं झाली होती आणि मधला चेहरा तेवढा तिच्या मूळच्या सावळ्या रंगाचा राहिला होता. घरात त्याला नाव नव्हतं. कुणी विचारलंच तर अण्णा "ते होय, औषध चालू आहे," म्हणायचे. औषध म्हणजे बावचीचं तेल. रोज सकाळी ते लावून आई गच्चीवर कोवळ्या उन्हात बसायची, शेजारच्या घराकडे पाठ करून. तेलाला कडवट, तापलेला वास होता. आजूबाजूला जुन्या लुगड्यावर सांडगे वाळत घातलेले असायचे. मी तिच्या शेजारी बसून पाढे पाठ करायची आणि ती तिचं बोट माझ्या पुस्तकाच्या ओळीखालून फिरवायची. दही बंद होतं, लिंबू बंद होतं, मासे तर नव्हतेच. मग एका चैत्रात कोनाड्यातली ती बाटली दिसेनाशी झाली. त्या दिवशी आईनं ताटात दही वाढून घेतलं.

फोटो म्हटलं की ती पिशव्या गोळा करायची. आम्ही जोतिबाला गेलो, महाबळेश्वरला गेलो, एकदा गोव्याला गेलो. अण्णा कॅमेरा काढायचे आणि आई माझी पिशवी, अण्णांची पिशवी, पाण्याची बाटली, चपला, सगळं दोन हातांत घेऊन बाजूला सरायची. "तुम्ही काढा. मी धरतो हे," म्हणायची. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात. पुण्यात शिकायला गेल्यावर मैत्रिणी हसल्या म्हणून मी ते सोडलं, आईनं सोडलं नाही. गोव्याच्या एका फोटोत वाळूवर माझ्या पायांपाशी एक सावली पडली आहे. दोन्ही हातांना फुगलेल्या पिशव्या. ती आई. आणि अण्णा तर कायम कॅमेऱ्यामागे, त्यामुळे तेही नाहीत. आमच्या घरचे ते जाडजूड अल्बम उघडले तर एक मुलगी एकटीच डोंगर, देवळं आणि समुद्र बघत फिरते आहे, असं वाटतं.

माझ्या लग्नात कन्यादानाला काका-काकू बसले. अण्णांचे गुडघे दुखतात, मांडी घालता येत नाही, असं सगळ्यांना सांगितलं होतं. लग्नाच्या व्हिडिओत आई एकदाच दिसते, तीही पाठमोरी, मुदपाखान्याकडे जाताना.

ॲथलोनला मी एका कारखान्यात होते. तिथे हृदयाच्या शस्त्रक्रियेत वापरायच्या नळ्या बनायच्या आणि त्या निर्जंतुक झाल्या आहेत की नाहीत हे तपासणं माझं काम. मंदार हॉस्पिटलात डॉक्टर. आम्ही राहत होतो ती वसाहत मंदी आली तेव्हा अर्धी बांधून झाली होती. आमच्या पुढची घरांची ओळ तशीच सोडून दिलेली, खिडक्यांना काचा नाहीत, अंगणांत कमरेएवढं गवत. अण्णांना ती ओळ फार आवडायची. स्केचबुक घेऊन ते तिथे जाऊन बसायचे. आई सकाळी शॅनन नदीच्या काठानं चालायला जायची. पहिल्या आठवड्यात पदर ओढून, मान खाली घालून. पुढे पदर खांद्यावर राहायला लागला. शेजारच्या ब्रीडानं कुंपणावरून "ग्रँड डे" म्हटलं की आईही "ग्रँड" म्हणायची, पाऊस पडत असला तरी. एकदा भाजी निवडताना मला म्हणाली, "हितं लोक लुगड्याकडं बघत्यात. तोंडाकडं कुणी बघत न्हाई."

ईरा तेव्हा सहा वर्षांची होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत, तेही इथल्या सुरात. आजी मराठीत विचारायची, नात इंग्रजीत सांगायची, आणि दोघींचं तासन्‌तास चालायचं. मध्ये दुभाष्या लागतो असं दोघींनाही कधी वाटलं नाही.

फोटोचं माझ्या डोक्यात आलं ते ईफामुळे. ती माझ्या शेजारच्या टेबलावर काम करायची. लग्नानंतर नवऱ्याबरोबर व्हिएतनामला जाऊन आली होती आणि जेवणाच्या सुट्टीत तिनं फोटो दाखवले. नदीकाठचं जुनं गाव, पिवळ्या भिंती, कागदी कंदील, आणि त्या सगळ्यात ही दोघं, अगदी सहज चालताना, एका पायरीवर बसून काहीतरी खाताना. मी विचारलं, हे काढले कुणी? ती म्हणाली, "तिथलाच एक फोटोग्राफर एका सकाळपुरता ठरवला होता. त्याला माहीत होतं ना, कुठल्या गल्लीत किती वाजता ऊन येतं ते. आपण आपले काढत बसलो असतो तर नुसते हात लांब करून काढलेले चेहरे मिळाले असते." मग म्हणाली, "तुझे आईवडील आलेत ना? कॉनेमाराला जाणार आहात ना? तिथलं कुणीतरी बघ."

संध्याकाळी मी अण्णांना बाहेर, त्या अर्धवट घरांपाशी गाठलं. म्हटलं, तुमचा दोघांचा एक फोटो काढून घ्यायचा आहे. चांगला. फोटोग्राफर बोलावून. अण्णा पेन्सिलीला टोक करत होते.

"तुझी आई उभी राहायची न्हाई," ते म्हणाले.

"तुम्ही सांगा."

"मी सांगून बघितलंय. लई वर्षं झाली त्याला." टोक झालं, तरी ते पेन्सिल फिरवत राहिले. "पण तू विचार. तुझं गाव आहे हे."

मी विचारलं नाही. आठवडाभरासाठी कॉनेमाराच्या किनाऱ्यावर, राउंडस्टोनजवळ, एक घर घेतलं होतं. त्या घराच्या मालकिणीनं नोराचं नाव सुचवलं. मी फोन करून ठरवलं आणि आईला सांगितलं की आपल्या सगळ्यांचे फोटो काढायचे आहेत. 'सगळ्यांचे' ह्या शब्दात ती स्वतःला धरत नाही हे मला माहीत होतं. ती म्हणाली, "बरं की. ईराला तो निळा फ्रॉक घाल."

घर समुद्राला लागून होतं. भिंती जाड, खिडक्या लहान, आणि स्वयंपाकघरात टर्फची शेगडी. आईनं तिचा ताबाच घेतला. प्रेसमधल्या, म्हणजे कपाटातल्या, सगळ्या बशा काढून धुतल्या, लसणाची चटणी कुटली आणि आम्ही तिथल्या काळ्या पावाबरोबर ती खाल्ली. दुपारी पाऊस यायचा, तासाभरात जायचा. पाऊस गेला की आई दारात उभी राहून दगडी कुंपणांकडे बघायची. चुना नाही, माती नाही, नुसते दगडावर दगड. "कोण रचलं असंल एवढं," म्हणायची. अण्णांनी एकदा मोजून बघायला घेतलं आणि हसून सोडून दिलं.

नोराचं म्हणणं होतं, आदल्या दिवशी दुकानात येऊन जा, माणसं बघितल्याशिवाय मी फोटो काढत नाही. म्हणून आम्ही गेलो. पन्नाशीची बाई, लाल केस अर्धे पिकलेले, अंगात जाड स्वेटर आणि त्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर, जिथे बघावं तिथे तपकिरी ठिपके. आई तिच्याकडे बघतच राहिली.

"तिला काय झालंय गं अंगावर?" मला हळूच म्हणाली. हळू बोलायची गरज नव्हती, पण सवय.

"काही नाही आई. इथे पुष्कळांना असतात तसे. उन्हानं वाढतात."

"औषध न्हाई?"

"औषध कशाला? रोग नाही तो."

आई "हं" म्हणाली. मग तिनं माझ्या खांद्यावरून पुन्हा एकदा बघितलं. नोरा बाह्या आणखी वर सारून कसलंतरी खोकं उघडत होती.

खिडकीत फोटो होते. एकात आईबाप, आजोबा, चार भावंडं, दारापुढे उभी. दुसऱ्यात एक बाई आणि तिची मुलगी. तिसऱ्यात एक तरुण मुलगा आणि त्याचा कुत्रा. सगळे चांगल्या कपड्यांत आणि कुणीच फारसं हसत नव्हतं. अण्णांनी विचारलं, हे कसले समारंभ? मी नोराला विचारलं. ती म्हणाली, समारंभ नाहीत. पूर्वी लग्नं असायची, आता लग्नं कमी झाली. हे जायच्या आधीचे फोटो. ही मुलगी कॅनडाला गेली, हे चौघांतले दोघं ऑस्ट्रेलियात पर्थला. जायच्या आधी आया घेऊन येतात त्यांना. "आणि तो कुत्र्याचा?" ईरानं विचारलं. "तो माझा मुलगा," नोरा म्हणाली. "कुत्रा इथेच आहे."

मी हे सगळं मराठीत सांगितलं. आई खिडकीपाशी गेली आणि एकेक फोटो वाकून बघायला लागली. अण्णा प्रकाशाबद्दल काहीतरी बोलत होते, पण तिचं लक्ष नव्हतं. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तुझा असा काढायचा राहिला."

मी दोन हजार आठला इथे आले. तेव्हा विमानतळावर काढलेल्या फोटोत मी आहे, कडेवर ईरा आहे, मंदार आहे, मंदारचे आईवडील आहेत, काका-काकू आहेत. पिशव्या आईकडे होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ईराची वेणी घालत होते तेव्हा आई आतल्या खोलीतून बाहेर आली. तिनं इरकल नेसलं होतं, गर्द हिरवं, लाल काठाचं. नाकात नथ होती आणि केसांत ब्रीडाच्या कुंपणावरच्या गुलाबाचं वाळत आलेलं एक फूल. ती साडी तिनं गडहिंग्लजहून एवढ्या लांब का आणली होती, हे मी तेव्हा विचारलं नाही. नंतर विचारायचं राहूनच गेलं.

"चला की," म्हणाली. "ऊन गेलं तर ती बाई चिडंल."

नोरानं धक्क्याचं टोक निवडलं होतं. मासळीची एक रिकामी पेटी पालथी घालून तिच्यावर पोतं टाकलं होतं. वारा होता. आधी माझे, मंदारचे आणि ईराचे फोटो झाले. आई नेहमीसारखी चार पावलांवर उभी, हातात छत्र्या, ईराचे रबरी बूट, माझी पर्स, अण्णांचं स्केचबुक. इरकल नेसून आणि नथ घालूनही ती तिथेच जाऊन उभी राहिली होती. मग अण्णा पेटीवर बसले. नोरानं कॅमेऱ्यातून बघितलं, कॅमेरा खाली घेतला आणि मला विचारलं, "अँड हरसेल्फ?" घरच्या बाईला इथे असंच म्हणतात. त्यात एक मान असतो.

मी आईकडे बघितलं. आई नोराकडे बघत होती.

"तिला इचार," आई म्हणाली, "फोटो काढल्यावर हे पुसून टाकती काय?" सामानानं भरलेला हात उचलून तिनं कोपरानंच चेहऱ्याकडे दाखवलं. "मिरजंत पासपोर्टच्या फोटोत पुसलं होतं फोटोवाल्यानं. मग हापिसातनं परत आला. चालत न्हाई म्हणाले."

पासपोर्टचा फोटो परत आला होता हे मला माहीत नव्हतं. अण्णांना होतं, त्यांनी मान खाली घातली.

मी नोराला विचारलं. नोरा जवळ आली आणि आईचा चेहरा नीट बघितला, भिंतीला रंग द्यायच्या आधी माणूस भिंत बघतो तसा. मग म्हणाली, "पुसता येतं. न पुसताही ठेवता येतं. चेहरा त्यांचा आहे, मी काय सांगणार? पण आधी सांगायला हवं, त्यावर उजेड कुठून घ्यायचा ते ठरेल."

मी सांगितलं. समोरून एक बोट आत येत होती, तिच्यावरच्या माणसानं आमच्याकडे बघून हात केला.

"दोन्ही कर म्हणावं," आई म्हणाली. "एक पुसून, एक तसाच. मग बघू."

आणि मग ती मंदारकडे वळली. "मंदारराव, हे धरा जरा." मंदारनं दोन्ही हात पुढे केले. छत्र्या, बूट, पर्स, स्केचबुक, सगळं त्याच्या हातांवर रचून ती अण्णांच्या शेजारी पेटीवर जाऊन बसली.

अण्णांना कॅमेऱ्यापुढे बसायची सवय नव्हती. हात मांडीवर ठेवले, मग छातीशी बांधले, मग पुन्हा मांडीवर. एकीकडे मला सूचना चालू होत्या. तिला सांग, ढग येतोय. तिला सांग, मागं तो खांब येतोय डोक्यातनं. मी दोन सूचना सांगितल्या, तिसरी सांगितली नाही. शेवटी आईच म्हणाली, "गप बसा की. ती बाई तिचं काम करालीय." अण्णा गप्प झाले आणि तिच्याकडे बघायला लागले. आईनं वाऱ्यानं उडालेला पदर ओढून गुडघ्याखाली दाबला आणि सरळ कॅमेऱ्यात बघितलं. ती हसली नाही. ईरा माझ्या कमरेला धरून उभी होती. "आजी, यू लुक ग्रँड," ती ओरडली. तेवढ्यात नोराचं काम झालं होतं.

ॲथलोनला परत आल्यावर काही दिवसांनी जाड पुठ्ठ्याचं पाकीट आलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही ते उघडलं. रसायनाचा वास वगैरे काही नव्हता आणि फोटोही चिकटलेले नव्हते, मध्ये पातळ कागद घातलेले होते. फोटो तोच, दोनदा छापलेला. एकात आईचा चेहरा एकसारखा सावळा, गुळगुळीत. दुसऱ्यात होता तसा. ओठांभोवती पांढरं, डोळ्यांभोवती पांढरं, आणि मागच्या समुद्रावर जे ऊन होतं तेच तिच्या गालावर. दोन्हींत अण्णा कॅमेऱ्याकडे न बघता तिच्याकडे बघताहेत.

"माझ्यानं बिघडला," अण्णा म्हणाले. आयुष्यभर लोकांना 'इकडं बघा' म्हणत आले होते ते. "मी बघितलंच न्हाई पुढं."

आईनं दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. आधी गुळगुळीत उचलला.

"चांगली हाय ही," म्हणाली. "पण गावाकडं लावला तर लोक इचारतील, मास्तरांच्या शेजारी ही कोण बसलीया?" आणि स्वतःच हसली. मग तो माझ्याकडे सरकवला. "हा तुला ठेव. दुसरा आम्ही नेतो."

आमच्या दिवाणखान्यात अजून तो आहे. आमच्याकडे मराठी मंडळी येतात, गणपतीला, दिवाळीला. फोटो बघून म्हणतात, आई किती सुंदर आहेत तुमच्या. मी हो म्हणते. खरं तर त्या बाईला मी ओळखत नाही. मी तिच्याकडे बघते आणि ओठाखालचा तो पहिला ठिपका कुठे होता ते शोधते.

"मॉम, इट्स मेल्टिंग," ईरा म्हणाली. माझ्या हातातला कोन मनगटावरून वाहत होता. तिनं पुसायला कागद दिला आणि शेजारी बसली. धक्क्याच्या टोकाला आता लोखंडी बाक बसवलाय, त्यावर दोन म्हाताऱ्या बायका पाठ करून बसल्या होत्या. "तुझ्या लक्षात आहे का काही?" मी विचारलं. ती म्हणाली, एवढंच आठवतं की बाबांच्या हातातून माझा एक बूट पाण्यात पडला होता. मला तो बूट अजिबात आठवत नाही. मंदारला आठवतो.

दोन हजार तेराच्या फेब्रुवारीत अण्णा गेले. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. डब्लिनला बर्फाचा भुरका होता आणि गडहिंग्लजला दुपारी उघड्या पायांनी अंगणात उभं राहवत नव्हतं. सोप्यातलं सामान हलवून सतरंज्या घातल्या होत्या. उदबत्तीचा वास, नव्या घोंगडीचा वास, आणि बाहेर मांडवात कुणीतरी चहाचे कप धूत होतं त्यांचा आवाज. आई भिंतीला टेकून बसली होती. मला बघून तिनं शेजारची जागा हातानं झाडली.

तेराव्याच्या आदल्या दिवशी फोटोचा प्रश्न आला. पूजेला अण्णांचा फोटो हवा होता आणि अण्णांचा फोटो नव्हता. सगळ्या तालुक्याचे फोटो त्यांनी काढले, स्वतःचा म्हणून एक पेन्शनच्या कागदावरचा, तोही मोठा केला की नुसते करडे ठिपके दिसायचे. काकांचा मुलगा संतोष उभा राहिला आणि त्यानं भिंतीवरचा राउंडस्टोनचा फोटो काढला.

"ह्यात अण्णाकाका चांगले आलेत," तो म्हणाला. "ह्यातनं काकांचा तेवढा कट करून मोठा करून आणतो. चौकात तासाभरात देतो तो."

"तसंच कर," काकू म्हणाल्या. "जोडीच्या फोटोला हार घालता येत न्हाई. वैनी हायत अजून."

संतोष काच पुसत दाराकडे निघाला. त्याच्या बोलण्यात किंवा काकूंच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. त्या घरात त्या दिवशी सगळेच आईच्या काळजीनं वागत होते. मी उठायच्या बेतात होते.

"संतोष," आई म्हणाली. "आण तो हिकडं."

त्यानं आणून दिला. तिनं फोटो मांडीवर घेतला. दिवसभर लोक येऊन तिच्यासमोर रडून जात होते, तिचे डोळे मात्र कोरडे होते, आणि आवाज भाजीवाल्याशी बोलावा तसा सरळ.

"त्यातनं मला कापलास, तर हे कुणाकडं बघालेत म्हणून सांगायचं?"

संतोष फोटोकडे बघत राहिला. मला वाटतं, अण्णांची नजर कुठे आहे ते त्यानं तेव्हाच पहिल्यांदा बघितलं.

"पण मग हार?" काकू म्हणाल्या.

"खाली ठेवा की हार. फुलं फुलंच हायत."

तेराव्याला फोटो पाटावर होता, आख्खा, दोघांचा. हार त्याच्या पुढ्यात, तांब्यापाशी ठेवला होता. शाळेतले जुने शिक्षक आले, अण्णांनी ज्यांची बारशी टिपली होती ती आता मोठी झालेली मुलं आली. एकेकजण पुढे होऊन वाकून नमस्कार करत होता आणि करताना जरा अडखळत होता, कारण फोटोतल्या दोघांपैकी एक बाई तिथेच शेजारी बसलेली होती, आणि वाकलेल्या प्रत्येकाकडे सरळ बघत होती.